जिन्यातली सरस्वती आणि मळवलीची साडी

पुण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली आहे. आत शिरलं की समोर रुंद जिना, आणि जिना जिथे वळतो त्या लँडिंगवर चौदा फूट उंचीची कोरी भिंत. त्या भिंतीसाठी एका चित्रकाराला काम दिलं गेलं आणि त्याने सरस्वतीचं संकल्पचित्र करून दिलं. गेले दोन महिने ते खालच्या दालनात उभं आहे. शेजारच्या स्टुलावर अभिप्रायाची वही आहे. ती वही मी दोनदा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. पानापानावर भांडण आहे. कुणी लिहितं, देवीची विटंबना थांबवा. कुणी लिहितं, लोकांच्या पैशाने देवी कशाला? मधे कुठेकुठे ‘अप्रतिम’, ‘खूप छान’. पण तिचा हात कसा वळलाय, नजर कुठे आहे, रंग कोणते घेतलेत, एवढी मोठी भिंत हे चित्र पेलेल का, याबद्दल एकही ओळ मला सापडली नाही. तेहतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. चित्रासमोर उभं राहून चित्र सोडून सगळ्यावर बोललं जातं तेव्हा मला वाईट वाटतं, आणि या वेळी जरा जास्तच वाटलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ते चित्र आहे तसं भिंतीवर जावं. तिला ब्लाउज घालू नये, हातात वीणा देऊ नये, आणि तिला हटवून त्या जागी दुसऱ्या कुणाचा पुतळाही बसवू नये.

आधी चित्र पाहू. देवी उभी आहे, किंचित त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळून, एका पायावर भार. चार हात. वरच्या दोन हातांत कमळ आणि अक्षमाला, खालच्या डाव्या हातात पोथी. खालच्या उजव्या हाताबद्दल पुढे बोलेन. कमरेला वस्त्र आहे, त्याच्या चुण्या समांतर रेघांनी दाखवल्या आहेत. खांद्यावरून पातळ उत्तरीय उतरतं आणि डाव्या दंडाला वेढा घालून खाली जातं. छातीवर हारांचे तीन पदर आणि यज्ञोपवीतासारखी मोत्यांची सर. पायाशी हंस, तोही छोटा, मान वळवून वर बघणारा. रंग गेरू, पिवडी, काजळी आणि चुन्याचा पांढरा. बस्स. डोकं शरीराच्या मानाने जरा मोठं वाटतं आणि वहीत एकाने ‘प्रमाण चुकलं आहे’ असं लिहिलंय. पण ही भिंत बघणारा माणूस खालच्या पायरीवरून मान वर करून बघणार आहे. तिथून डोकं लहान दिसतं, म्हणून चित्रकाराने ते वाढवून घेतलं. उंचावर बसवायच्या मूर्तीत जुने मूर्तिकार हेच करत आले. संकल्पचित्र डोळ्यांच्या पातळीवर ईझलवर ठेवलं की हा विचार दोष म्हणून दिसतो.

आता आक्षेप. सगळ्यात जोरात मांडला जातो तो असा की, हे रूप शास्त्राला धरून नाही, आपली सरस्वती अशी नसते. यातला सगळ्यात बळकट पुरावा मीच देतो. आपण शाळेत रोज म्हटलेल्या श्लोकातच ‘या शुभ्रवस्त्रावृता’ असं आहे. आणखी पुढे जाऊन सांगतो. सरस्वतीची आज माहीत असलेली सर्वांत जुनी मूर्ती मथुरेच्या कंकाली टिल्यावर सापडली. कुषाणकाळातली, इसवी सन १३२ च्या सुमाराची. आता ती लखनौच्या संग्रहालयात आहे. शीर तुटलेलं आहे, डाव्या हातात पोथी आहे आणि अंगावर वस्त्र ओढून घेतलेलं आहे. म्हणजे अंगभर वस्त्रातली सरस्वती ही काही इंग्रजांच्या काळात सुचलेली गोष्ट नव्हे. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण मग वेरूळचं काय करायचं? कैलास लेण्याच्या अंगणात उत्तरेकडे नदीदेवतांचं छोटं मंदिर आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथून गेलेलो आहोत. मगरीवर गंगा, कासवावर यमुना आणि त्यांच्याबरोबर सरस्वती. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांचं, आपल्याच मातीतलं काम. तिघींच्या अंगावर दागिने आहेत, कमरेला वस्त्र आहे, शिवलेली चोळी नाही. राजस्थानातल्या पल्लूची बाराव्या शतकातली संगमरवरी जैन सरस्वती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभी आहे. तिच्या हातात वीणा नाही. पोथी, कमळ, माळ, कमंडलू आहेत. कर्नाटकात होयसळांनी हळेबिडूला तर तिला नाचायला लावलं. यातली कुठली ‘आपली’ आणि कुठली परकी? हे सगळं ज्यांनी घडवलं त्यांना तो श्लोक माहीत नव्हता, की त्यांना वस्त्र म्हणजे दंडापर्यंत बाह्यांचं शिवलेलं ब्लाउज असं वाटत नव्हतं? या संकल्पचित्रातलं उत्तरीय पांढरंच आहे. चुण्या मोजून बघाव्यात. वस्त्र आहे, फक्त शिंप्याकडचं नाही.

मग ‘सरस्वती अशी नसते’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे नेमकं काय असतं? मला हे चांगलं ठाऊक आहे. वर्गात ‘सरस्वती काढा’ म्हटलं की चाळीसातली अडतीस मुलं एकच चित्र काढायची. खडकावर बसलेली, काठापदराची पांढरी साडी, मांडीवर वीणा, शेजारी मोर, मागे पाणी. ते चित्र राजा रविवर्मांचं आहे, १८९६ सालचं. त्याआधी दोन वर्षं, १८९४ मध्ये, त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. म्हणजे पुण्याहून लोकलने दोन तासांच्या आत पोहोचता येतं अशा गावात दगडावर शाई लावून आपल्या देवी छापल्या गेल्या आणि तिथून घराघरांतल्या भिंतींवर गेल्या. पुराणातल्या स्त्रियांना कोणता पोशाख द्यावा हा प्रश्न रविवर्मांना पडला होता आणि त्यांना उत्तर सापडलं ते बहुतांशी आपल्या दक्षिणी लुगड्यात.

रविवर्मांना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या माणसांना देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते त्यांच्या घरात देवाचं रूप या छापील चित्रांनी नेऊन दिलं. दोन-चार आण्यांच्या कागदाने केलेलं ते काम फार मोठं आहे. माझा आक्षेप आपल्या विसराळूपणाला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका कर्तबगार चित्रकाराने घेतलेला निर्णय आपण सनातन समजून बसलो, आणि आता त्याच्या आधीच्या दीड हजार वर्षांचं रूप कुणी समोर ठेवलं की त्यालाच अशास्त्रीय म्हणतो. जुनी मूर्ती आपल्याला परकी वाटावी याची सुरुवात कुठे झाली तेही पाहण्यासारखं आहे. गणपत काशिनाथ म्हात्रे या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्याने १८९६ च्याच सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ केली. नऊवारीतली तरुणी, पूजेचं साहित्य हातात घेऊन चाललेली. सुंदर काम आहे, त्यात वादच नाही. सर जॉर्ज बर्डवूड या भारतीय कलांच्या इंग्रज जाणकाराने त्या शिल्पाचं तोंड भरून कौतुक केलं. याच बर्डवूडनी १९१० साली लंडनच्या सभेत जावातल्या ध्यानस्थ बुद्धमूर्तीची बरोबरी चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. त्यावर तिथल्याच चित्रकारांनी आणि समीक्षकांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर निषेध नोंदवला. एकाच माणसाला म्हात्रे कळले आणि बुद्ध कळला नाही, कारण त्याच्या हातातली पट्टी ग्रीक होती. मांस मऊ दिसलं पाहिजे, कापड कापडासारखं पडलं पाहिजे. ती पट्टी आपण कधी हातात घेतली आणि तिच्यावर ‘परंपरा’ असं कधी लिहिलं?

वस्त्राच्या मुद्द्याची एक बाजू मात्र शास्त्राची नाही, रोजच्या जगण्याची आहे, आणि ती मला सगळ्यात अवघड वाटते. वहीत एका बाईंनी लिहिलंय की, मी रोज या जिन्याने जाणार, माझ्या मागून चार टवाळ पोरं येणार, आणि भिंतीवर असं चित्र असणार. तुम्हा पुरुषांना परंपरा आठवते, मला ते चार जण आठवतात. याला ‘दृष्टी सुधारा’ असं उत्तर देणं निर्लज्जपणाचं आहे. दृष्टी सुधारेपर्यंत रोज जिना त्यांनाच चढायचा आहे. या आक्षेपावर मी बरेच दिवस विचार केला आणि पुन्हा दोनदा जाऊन चित्रासमोर उभा राहिलो. कॅलेंडरातल्या ओल्या साडीतल्या देवी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यात इंच न् इंच झाकलेला असतो आणि तरी चित्र बघणाऱ्याच्या वासनेला हात दाखवून बोलावत असतं. रेघ कुठे रेंगाळते, प्रकाश कुठे टाकला, डोळे बघणाऱ्याकडे कसे वळवले, यावर ते ठरतं. या संकल्पचित्रात देवीची नजर खाली, पोथीकडे आहे. शरीरावर छाया-प्रकाश अजिबात नाही, सपाट गेरू आहे. हारांचे पदर आणि उत्तरीयाची कड डोळ्याला उचलून सरळ हातांकडे घेऊन जातात. मी चित्रापुढे उभा राहिलो की पाचव्या सेकंदाला हातांकडेच बघत होतो. त्या बाईंनाही एकदा माझ्याबरोबर तिथे उभं राहायची विनंती करावीशी वाटते. त्यांना तरीही ते खटकलं, तर त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा जड धरावं लागेल. पण ‘भावना दुखावल्या’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत त्यांना कुणी उभं करू नये. त्या वेगळं बोलत आहेत.

झाकण्याची ही घाई आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या दालनात १९३० च्या दशकातला न्यायदेवतेचा अल्युमिनियमचा पुतळा आहे, एक स्तन उघडा असलेला. २००२ साली त्याच्यापुढे आठ हजार डॉलर खर्चून पडदे लावले. २००५ मध्ये ते पडदे काढले. मधल्या काळात जगभर त्या पुतळ्याची जेवढी छायाचित्रं छापली गेली तेवढी आधीच्या साठ-पासष्ट वर्षांत छापली गेली नसतील. आणि आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार म. फि. हुसेननी १९७६ साली काढलेल्या सरस्वतीच्या रेखाटनावर वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, जे रान उठलं त्यात ते शेवटी देश सोडून गेले आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. त्या सगळ्या गदारोळात रेघेविषयी कोण बोललं? बाजूने बोलणाऱ्यांना स्वातंत्र्य हवं होतं, विरोधकांना माफी हवी होती. रेखाटन चांगलं की सामान्य, हा प्रश्न दोघांनाही नको होता.

दुसरा आक्षेप दुसऱ्या बाजूचा, आणि पुण्यात तो खोडून काढणं सोपं नाही. ही सरस्वती आमची कधी होती, तिच्या जागी सावित्रीबाई फुले का नकोत, असं तो विचारतो. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल आणि शेण फेकणारे लोक याच शहरातले होते. त्यांच्याही घरी दसऱ्याला पाटीपूजन होत असणारच. विद्येची देवी होती, तिची पूजा होती आणि विद्या मात्र मूठभरांच्या घरात कोंडलेली होती. २०२२ साली शाळांमधल्या सरस्वतीच्या तसबिरीवरून राज्यभर वाद झाला त्याच्या मुळाशी हीच वेदना होती. ती खरी आहे. तिला ‘राजकारण’ म्हणून झटकणाऱ्यांनी भिडेवाड्याच्या जागेसमोर एकदा उभं राहून हे वाक्य मोठ्याने म्हणून बघावं.

तरीही मी देवी काढून टाका म्हणत नाही, त्याला कारणं आहेत. मघाशी ज्या मथुरेच्या मूर्तीबद्दल सांगितलं, तिच्या पीठावर लेख कोरलेला आहे. ती मूर्ती दान कुणी दिली? गोव नावाच्या एका लोहाराने. मूर्ती जैनांची. म्हणजे सरस्वतीची आपल्याला माहीत असलेली पहिली मूर्ती एका कारागिराने, वैदिक यज्ञशाळेच्या बाहेर, दान म्हणून बसवलेली आहे. जैनांची ती श्रुतदेवी झाली, बौद्धांबरोबर ती जपानपर्यंत गेली आणि तिथे बेन्झायतेन म्हणून आजही तिचं नाव घेतलं जातं. जे लोहाराने घडवून घेतलं ते कोंडणाऱ्यांच्या नावावर कायमचं का लिहून द्यायचं? हक्क सांगायचा तर या दानलेखावर सांगता येतो. आणि सावित्रीबाईंना देवीच्या रिकाम्या कमळावर बसवणं हा त्यांचा सन्मान आहे, असं मला पटत नाही. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको म्हणून ज्या घराने १८७३ साली सत्यशोधक समाज उभा केला, त्या घरातल्या बाईला हार-कुंकवाची तसबीर करायचं? त्यांना त्यांची स्वतःची भिंत हवी. वरच्या मजल्यावर वाचनकक्षात ती आहे, जिन्यापेक्षा मोठी आणि भरपूर उजेडाची. तिथे धुळीचा रस्ता यावा, पिशवीतलं दुसरं लुगडं यावं, बाकांवर बसलेल्या मुली याव्यात. त्यासाठी दुसऱ्या चित्रकाराला, शक्य असेल तर चित्रकर्तीला, पूर्ण मोबदला देऊन काम सांगावं. ही मागणी कुणी लेखी केली तर पहिली सही माझी.

सार्वजनिक पैशाने देवता नको, हा तिसरा मुद्दा. त्यावर फार वेळ घालवत नाही, कारण आपल्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रतच समोर आहे. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सजवली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणाच्या माथ्यावर राम, सीता, लक्ष्मण आहेत. पुढे बुद्ध आहे, महावीर आहे, नटराज आहे, अकबर आहे, शिवाजी महाराज आहेत, टिपू आणि झाशीची राणी आहेत. त्या प्रतीवर सह्या करणाऱ्यांना निधर्मी राज्य म्हणजे काय हे आपल्यापेक्षा कमी कळत होतं का? न्यायदेवताही मुळात ग्रीक-रोमनांची देवीच. आपण तिला इतकी वर्षं न्यायालयांत पाहिलं आणि कुणी तिचा धर्म विचारला नाही. ढाक्यात मात्र सर्वोच्च न्यायालयासमोर डिसेंबर २०१६ मध्ये साडीतली न्यायदेवता उभी राहिली आणि मूर्ती आमच्या धर्मात बसत नाही म्हणणाऱ्यांच्या दबावाखाली मे २०१७ मध्ये ती हलवून मागच्या बाजूला नेली. रूपक म्हणून बघायचं आपण सोडलं आणि ‘कुणाचा देव’ एवढंच विचारायला लागलो की सगळीकडे शेवट असाच होतो, मग सरकार कुठल्याही देशाचं असो.

पण या बाजूचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आज चित्र, उद्या हार, परवा उदबत्ती, मग संगमरवरी देव्हारा आणि शेवटी दानपेटी. कुठल्याही सरकारी कचेरीच्या आवारात हा प्रवास बघायला मिळतो. देव्हारा झाला की त्या जिन्याने चढणाऱ्या मुसलमान, ख्रिस्ती किंवा नास्तिक वाचकाला आपण दुसऱ्याच्या घरात आलोय असं वाटणार, आणि वाचनालयात असं एकालाही वाटता कामा नये. म्हणून माझी अट आहे: चित्राखाली कट्टा नको. नारळ ठेवायला चार इंचाची कडसुद्धा नको, वर खिळा नको, दिव्याचं बटण नको. उद्घाटनाला पूजा नको. भिंत जमिनीपासून वर सरळसोट असावी. चित्रकाराने देवीचे पाय जमिनीपासून चार फुटांवर घेतले आहेत. आणखी दीड फूट वर घेतले तर हारही पोहोचणार नाही.

चौथा आक्षेप माझ्याच क्षेत्रातल्या मित्रांचा. आजच्या काळात बाराव्या शतकाची नक्कल कशाला? यात तथ्य आहे. उड्डाणपुलाखालच्या फायबरच्या अप्सरा, सोनेरी ऑइलपेंट मारलेले सिमेंटचे हत्ती, हे सगळं ‘प्राचीन वैभव’ म्हणून आपल्या माथी मारलं जातं आणि त्यात एकही रेघ जिवंत नसते. जुनं रूप घेणं म्हणजे चांगलं काम करणं नव्हे. पण रामकिंकर बैज आठवा. नवी दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारात दोन प्रचंड दगडी आकृत्या आहेत, यक्ष आणि यक्षी. शांतिनिकेतनातला हा माणूस त्या काळात देशातला सगळ्यात धीट आधुनिक शिल्पकार होता, आणि त्याने आधार घेतला तो कुणाचा? मथुरा संग्रहालयातल्या परखमच्या यक्षाचा आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातल्या बेसनगरच्या यक्षीचा. पन्नासच्या दशकात ठरलेलं काम १९६७ ला पुरं झालं. खर्च वाढला, उशीर झाला, यक्षी उघडी आहे म्हणून राज्यसभेत प्रश्न विचारला गेला. त्या यक्षाच्या हातात काय आहे ते मात्र बघा. एका हातात पैशाची थैली आणि दुसऱ्या हातात यंत्राचं दातेरी चाक. परखमच्या शिल्पकाराने ते कधी पाहिलं नसणार. रामकिंकरांनी दोन हजार वर्षांपूर्वीची उभं राहण्याची ढब घेतली आणि तिच्या हातात आपल्या काळाची वस्तू दिली. नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही.

आता त्या खालच्या उजव्या हाताकडे येतो. तिथे पाटी आहे. लाकडी चौकटीची, आपण गिरवली तीच दगडी पाटी. आणि पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती आहे. दसऱ्याला आपण काढतो ती. १ ला १ जोडत, टोकाला वळण देत, त्रिकोणात त्रिकोण गुंफून पूर्ण होणारी. तिच्यावर हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत जी सरस्वती पुजली जाते तिला तोंड नाही, हात नाहीत, साडी नाही, वीणा नाही. ती नुसते आकडे आहे. ‘सरस्वती अशी नसते’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने लहानपणी स्वतःच्या हाताने ही काढलेली आहे, आणि तेव्हा कुणाचीही भावना दुखावली नव्हती. चित्रकाराने प्राचीन मूर्तीच्या हातात ही घरातली, बिनदेहाची देवी ठेवली. पाटी ही भिडेवाड्यातल्या मुलींच्या हातातलीही वस्तू. दोन्ही बाजूंचे लोक ज्यावरून दोन महिने भांडताहेत त्या दोन्ही गोष्टी त्या एका हातात आहेत, आणि अख्ख्या वहीत ‘पाटी’ हा शब्द मला फक्त एकदा आढळला. तिथे लिहिलं होतं, ‘शास्त्रात पाटी नाही, काढून टाकावी.’

हे ‘काढून टाकावी’ मला घाबरवतं. आता मधला मार्ग म्हणून दुरुस्त्यांची यादी फिरते आहे. ब्लाउज घाला, पाटी काढा, वीणा द्या, डोकं लहान करा, थोडा निळा रंग टाका. प्रत्येक सूचना लहान आहे आणि प्रत्येकीने एक गट खूश होणार आहे. अशा दुरुस्तीचं काय होतं ते मी पाहिलंय. पंचविशीत एका कार्यालयातल्या भित्तिचित्रावर मी मदतनीस म्हणून चार महिने घासलो. शेतकरी बायकांची रांग होती. काम संपल्यावर कुणा वरिष्ठाला त्यांचे उघडे दंड खटकले. आमच्या गुरुजींना न विचारता रंगाऱ्याकडून त्यांना ऑइलपेंटच्या बाह्या चढवल्या. एका बाईचा हात कोपरातून कोयत्याकडे वळत होता, त्या बाहीने वळणच गिळलं आणि कोयता अधांतरी राहिला. गुरुजी एकदा येऊन बघून गेले, बोलले काही नाहीत, आणि पुन्हा त्यांनी कुठल्याही सार्वजनिक भिंतीचं काम घेतलं नाही. चित्र नाकारायचं तर पूर्ण नाकारा, चित्रकाराला मोबदला द्या, कारण सांगा आणि दुसऱ्याला बोलवा. त्यात कुणाचा अपमान नाही.

आपल्या शहराचा अनुभव मात्र वेगळा आहे. २०१० च्या डिसेंबरात लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा रात्री हलवला गेला. २०१७ च्या जानेवारीत संभाजी उद्यानातला नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला. इतिहासाच्या त्या वादांत मी इथे जात नाही, त्यावर माणसांची मतं तीव्र आहेत आणि त्यांना कारणं आहेत. पण दोन्ही वेळा सकाळी उठल्यावर शहराला कळलं की काल रात्री काहीतरी झालं. याच शहराने बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली दोन भव्य चित्रं मानाने लावली, एकात बालगंधर्व पुरुषवेषात आणि दुसऱ्यात स्त्रीवेषात. एका पुरुषाने नऊवारी कशी नेसावी ते दाखवलं, बायकांनी त्याचं अनुकरण केलं आणि शहराने त्याचं चित्र भिंतीवर लावून त्याला आपलं म्हटलं. रूप, वस्त्र, स्त्रीत्व याबद्दल एवढा मोकळेपणा आपल्याकडे होता. तो रंगमंदिराच्या दारातच संपतो, असं मी मानायला तयार नाही.

चित्राचा निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे असं कळतं. सदस्यांनी त्या दिवशी टेबलाभोवती बसू नये. संकल्पचित्र ईझलवरून उतरवून लँडिंगवर न्यावं, भिंतीला ठरलेल्या उंचीवर लावावं आणि सगळ्यांनी खालच्या पायरीपासून चढत यावं, आक्षेप घेणाऱ्या त्या बाईंनाही बोलवून घ्यावं. दहा मिनिटं कुणी बोलू नये. मग ज्याला जे म्हणायचं ते त्याने तिथे, चित्रासमोर उभं राहून म्हणावं.

परवा मी चित्रकाराला भेटायला गेलो. शहराबाहेर एका शेडमध्ये त्याचं काम चालतं. कोपऱ्यात सिमेंटची टाकी आहे, वर फळ्या टाकलेल्या. भिंतीच्या गिलाव्यासाठी त्याने काम मिळालं त्याच आठवड्यात चुनकळी भिजवून ठेवली होती, कारण चुना जितका मुरेल तितका रंग धरतो. वादाविषयी त्याने एक अक्षर काढलं नाही. फळी बाजूला केली, वरचं चार बोटं पाणी हलवून थापीने थोडा चुना उचलला आणि माझ्यापुढे धरला. लोण्यासारखा झाला होता, खडा कुठेच नव्हता. मी विचारलं, झाला का तयार? ‘लावता येईल,’ म्हणाला, ‘पण अजून दोन महिने मिळाले तर बरं.’ थापी धुतली, टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि फळ्या परत सरकवल्या.